शेपटाची शिवण

लातूरच्या धावपट्टीवर गारा पडल्या तेव्हा मी विमानाच्या पोटात बसून भाकरी खात होतो. आधी वाटलं, कुणीतरी वरून मूठभर हरभरे टाकले. मग पायलीभर. मग जणू पोतंच उपडं झालं आणि पत्रा असा वाजायला लागला की स्वतःच्या तोंडातली भाकरी चावल्याचं कळेना. खिडकीबाहेर बघता बघता सगळं पांढरं झालं. डांबर पांढरं, कुसळाचं गवत पांढरं, कुंपणापलीकडचं रान पांढरं. आमच्या मुलखात असलं पांढरं मी कधी बघितलं नव्हतं. खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी थोडा वेळ मला लई छान वाटलं. ढगातच बसल्यासारखं.

मग शेपटाची आठवण झाली आणि घास तोंडातच राहिला.

बाहेरून बघणाऱ्याला ते विमान सगळं धातूचं वाटतं. तसं नाही. डाकोटा जातीच्या ह्या जुन्या विमानांचं अंग ॲल्युमिनियमचं, पण शेपटीच्या आडव्या पंखाला मागच्या बाजूनं ज्या दोन झडपा असतात, ज्या हलल्या की विमानाचं नाक वर-खाली होतं, त्या कापडाच्या असतात. आत हलक्या पत्र्याच्या बरगड्या, त्यांच्यावर ताणून बसवलेलं कापड, आणि ते कापड बरगड्यांना दोऱ्यानं शिवलेलं. ती शिवण माझी होती. एवढ्या मोठ्या विमानात माझं म्हणावं असं तेवढंच.

गारा थांबल्यावर मी अनवाणीच पळालो. गारा तिरक्या आल्या होत्या, त्यामुळं उजवी झडप शेपटाच्या उभ्या पंखाआड वाचली होती. डावी मात्र ठिकठिकाणी फाटली होती. एका भोकात एक गार अडकली होती आणि हळूहळू वितळत थेंब थेंब आत गळत होती. मी तिच्याकडं बघतच राहिलो. हात लावायचा धीर होईना.

मागून कप्तान आले. हवाईदलातून निवृत्त झालेले, सत्तरीकडं झुकलेले, घरी मराठी बोलणारे. म्हणून माझं त्यांच्याशी निभत होतं.

"दुसरी बाजू?" त्यांनी विचारलं.

"ती चांगली हाय साहेब."

"मग अर्धं नशीब चांगलं आहे," ते म्हणाले आणि ओल्या डांबरावर चाकाला टेकून बसले.

मी शिरूर अनंतपाळकडचा. आठवीत शाळा सुटली. त्याला फार मोठं कारण नाही. बाकावर बसलं की छातीत धडधडायचं, फळ्यावरची अक्षरं हलायला लागायची. माझी मावशी तेव्हा लातूरच्या आडत बाजारात पोती शिवायची. ती मला सोबत घेऊन गेली. पोत्यांच्या थप्पीवर बसलो, हातात दाभण आणि सुतळी आली, आणि धडधड थांबली. अजूनही तसंच आहे. हातात सुई आहे तोवर मी शांत. खाली ठेवली की परत सुरू. पुढं ताडपत्र्या शिवल्या, मंडपाचे पडदे शिवले, एका मंडपवाल्याबरोबर दक्षिणेत गेलो आणि फिरत फिरत बेंगळुरूजवळच्या एका शेडमध्ये लागलो, जिथं जुनी विमानं दुरुस्त करतात. सीटची कव्हरं शिवायला घेतलं होतं. एक दिवस तिथल्या इंजिनिअर मॅडम माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता विचारतील किती शिकलास. त्यांनी विचारलं, "हा टाका कुठं शिकलास?" त्या एका प्रश्नाचे उपकार मी विसरणार नाही. घर सोडून आता एवढी वर्षं झाली की स्वप्नंसुद्धा अर्धी हिंदीत पडतात.

कप्तान, मॅडम आणि मला घेऊन विमान उत्तरेकडं एका कार्यक्रमाला निघालं होतं. वाटेत उजवं इंजिन जरा जास्त तेल प्यायला लागलं म्हणून कप्तानांनी लातूरला उतरवलं. घराच्या इतक्या जवळ उतरलो तरी मी कुणाला कळवलं नव्हतं. वाटलं, तेवढ्यात उडू.

ऊन उतरताना विमानाच्या मालकांचा फोन आला. मॅडम बराच वेळ बोलत होत्या, इकडून तिकडं चालत. मग येऊन त्यांनी सांगितलं ते असं: उड्डाणाची परवानगी संपायच्या आत झडप दुरुस्त होऊन त्यांची सही झाली तर विमान इथून उडेल. नाही झाली तर पंख उतरवून ट्रेलरवर घालून न्यायचं.

"ट्रेलरवर नेऊन परत जोडता येतंय की," मी म्हणालो.

कप्तान माझ्याकडं बघून हसले. "सगळे तसंच म्हणतात. जोडू म्हणतात. एकदा पंख उतरवलेली अशी म्हातारी मी परत उडताना पाहिली नाही. कुठल्यातरी गेटापाशी उभी करतात, रंग देतात. नाहीतर पोटात हॉटेल काढतात."

 गारांचं पाणी धावपट्टीच्या कडेनं वाहत होतं आणि त्यात संध्याकाळचं आभाळ वाहत होतं. कप्तान आपल्याशीच बोलल्यासारखे तिची गोष्ट सांगायला लागले. ती मी शेडमध्ये तुकड्या-तुकड्यानं ऐकली होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा सलग ऐकली.

ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जन्मली. एकटी नाही, बहिणी हजारोंनी. पाव भाजून निघावेत तशा कारखान्यातून निघाल्या. हिरवा रंग लावून तिला इकडं पूर्वेला आणलं आणि डोंगरांवरून पेट्रोलचे ड्रम, खेचरं आणि झोपेत असलेले शिपाई वाहायला लावलं. डोंगर तिच्यापेक्षा उंच होते, म्हणून ती त्यांच्यामधून वाट काढायची. लढाई संपली तेव्हा असली विमानं भंगाराच्या भावात मैदानात उभी होती. हैदराबादकडच्या एका कंपनीनं काही घेतली, त्यात ही होती. मग हिरवा रंग खरवडला, आत खुर्च्या आल्या, पडदे आले. फाळणीत खुर्च्या परत काढल्या, कारण माणसं उभी मावत होती तेवढी घ्यायची होती. पुढं काही वर्षं तिनं टपाल वाहिलं. चारी दिशांनी टपालाची विमानं नागपूरला यायची, थैल्या बदलायची आणि पहाटेच्या आत आपापल्या गावी परतायची. कप्तान म्हणाले, त्या काळात एखाद्यानं मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला कुणीतरी उघडत असायचं, आणि त्या दोघांनाही ही म्हातारी ठाऊक नसायची.

मग हवाईदल. ईशान्येकडच्या डोंगरातल्या चौक्यांना वरून तांदूळ, मीठ, जिवंत बकऱ्या. कप्तानांनी स्वतः तिला नाही, पण तिच्या बहिणींना त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत उडवलं होतं. मग ढगांचा अभ्यास, मग नकाशासाठी फोटो, मग कुठल्याशा धावपट्टीच्या कोपऱ्यात घुबडांना घर. तिथून आमच्या शेडमध्ये.

ऐकता ऐकता मी उघड्या दारातून आत चढून फळ्यांवर आडवा झालो होतो. शेडमध्ये ह्याच फळ्या उचलताना मला फटीत तांदळाचे दाणे सापडले होते, काळे पडलेले. दाराच्या चौकटीची खालची कड एका जागी झिजून गुळगुळीत झालीय. तिथून पोती ढकलायचे. त्या कडेवर मी कितीदा हात फिरवलाय. आमच्या आडतीच्या ओट्याची कड अगदी तशीच आहे.

सकाळी मॅडमनी कामाला लावलं. झडप खोलून काढायची, नवं कापड चढवायचं, शिवायचं. कापड आणि दोरा आमच्या शेडमधून रेल्वेनं नांदेडला येणार होता. तिथून मी आणायचा. आणि शिवायला दोन माणसं लागतात. एक वरून सुई खाली देतो, दुसरा खालून वर पाठवतो. माझ्या जोडीचा कारागीर भावाच्या लग्नाला गावी गेला होता.

"इथं शिवणीवर हात बसलेलं कुणी आहे का?" मॅडमनी विचारलं.

मी मावशीला फोन लावला. मी लातुरात आहे हे तिला तेव्हाच कळलं, त्यामुळं आधी शिव्या खाल्ल्या.

"कधी आलास? आन् दोन दीस झाले तर सांगितलं न्हाई? जेवलास कुठं?"

"मावशी, ऐक. इमान शिवायचंय."

"काय शिवायचंय?"

"इमान."

 मग ती म्हणाली, "आमुश्याला यार्ड बंद हाय. तवा येते म्हन."

नांदेडहून परत येताना कापडाचा गुंडाळा मांडीवर घेऊन एसटीत बसलो. गाडीच्या टपावर ठेवायचा धीर झाला नाही. लोहा गेलं, दोन्ही बाजूंनी गारांनी झोपवलेला गहू आणि मधेच एखादं रान अगदी शाबूत, जसं काही झालंच नाही. ऊन खिडकीतून गुंडाळ्यावर पडत होतं आणि मला वाटत होतं, मी कुणाचं तरी झोपलेलं लेकरू नेतोय. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात? चादरी?"

"विमानाचं कापड."

"विमान कापडाचं आसतंय व्हय?"

"थोडं. शेपूट."

त्यानं मागं वळून ड्रायव्हरला सांगितलं, "ऐकलं का? लोकायला सांगतेत विमान आन् आत कापड. कुनीतरी लई खाल्लंय ह्यात." सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण गुंडाळा जरा घट्ट धरला.

झडप टेम्पोत गाद्या अंथरून गावात आणली. आमच्या जुन्या आडतीच्या शेठनी गोदाम दिलं; अमावास्येला सौदे बंद असतात आणि वारं, धूळ नसलेली जागा आम्हाला तिथंच मिळणार होती. तुरीच्या थप्प्यांच्या मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ती झडप ठेवली, नवं कापड चढवलं. वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक तिरपा खांब येत होता आणि त्यात तुरीचा भुस्सा तरंगत होता. पांढरी झडप त्या उजेडात अशी दिसत होती की हमाल दारातूनच बघून जात होते, आत येत नव्हते.

मावशी आली. हातात स्वतःचं दाभण.

"हे न्हाई लागत," मी म्हणालो आणि तिला आमची हातभर लांब बारीक सुई दिली.

तिनं ती उजेडात धरली. "एवढी नाजूक? हिनं काय पोतं शिवंल मानूस." मग मॅडमकडं वळून सरळ कानडीत विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का? मावशीचं सासर सीमेकडचं, कानडी तिला घरच्यासारखी. मॅडम धारवाडच्या. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. दोघी बोलायला लागल्या आणि मी, दोघींचा माणूस, मधे नुसता उभा.

मग आम्ही शिवायला बसलो. मी वर, मावशी खाली पोत्यावर मांडी घालून. मी सुई देत होतो, ती परत पाठवत होती. बरगडीच्या ह्या बाजूनं खाली, त्या बाजूनं वर. वरची गाठ मी मारायची. ओळ सुरू होते आणि संपते त्या दोन्ही गाठी खालच्या बाजूला, त्या मावशीनं मारायच्या. तिला मी दाखवलं, तिनं मान हलवली. थोड्या वेळानं बोलणं बंद झालं. नुसती मेण लावलेल्या दोऱ्याची सळसळ आणि पत्र्यावर कबुतरांची नखं. मी मधेच विसरून जात होतो की हे विमान आहे. कधी वाटायचं, मी परत लहान झालोय आणि मावशी आता म्हणेल, चल, चहा आला. कधी वाटायचं, खाली तांदळाची पोती आहेत, दार उघडं आहे आणि आम्ही डोंगरांवर आहोत.

संध्याकाळच्या आत सगळ्या ओळी झाल्या. मॅडम आल्या. आधी हाताच्या तळव्यानं कापड दाबत गेल्या, वरून ठीक म्हणाल्या. मग वाकून खाली गेल्या. पक्कड घेतली, एका ओळीच्या शेवटाला सुटं राहिलेलं दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं.

सर्र आवाज झाला. सगळी ओळ उघडली. पहिल्या टाक्यापर्यंत.

मॅडमनी दुसरी ओढली. तीही. त्यांच्या हातात दोरा लोंबत होता, आणि त्या माझ्याकडं बघत होत्या.

 चूक माझीच होती. कारण मी त्या गाठी बघितल्या होत्या. मावशीनं मारलेली प्रत्येक गाठ मी वाकून बघितली होती आणि मला ती बरोबर वाटली होती. ती सुरगाठ होती. आमच्या आडतीत पोत्याचं तोंड सुरगाठीनंच बंद करतात. टोक ओढलं की सगळं तोंड एका दमात उघडलं पाहिजे, म्हणजे घेणाऱ्याला माल बघता येतो, ओतता येतो, आणि पोतं न फाटता दुसऱ्या हंगामाला कामी येतं. निरगाठ मारणाऱ्याला मुकादम कामावरून उठवायचा. माझे डोळे त्याच गाठीवर वाढलेले. दक्षिणेत माझ्या हातांनी दुसरी गाठ शिकली, पण डोळे लातुरातच राहिले होते.

मावशीला मात्र काय बिघडलं ते कळेना. "उघडलं की नीट. एक टाका अडकला न्हाई. आनखी काय पाहिजे?"

"मावशी, हे उघडायचं नस्तंय."

"मंग बंद कशाला केलं? कुनीतरी उघडनारच की. कोन उघडनार हाय हे?"

"कुणीच नाही," मॅडम हिंदीतच म्हणाल्या.

"आत काय हाय?"

"हवा."

मावशीनं त्या पांढऱ्या झडपेवरून हात फिरवला. तिला वाईट वाटलं असावं. आयुष्यभर तिनं जे जे बंद केलं ते कुणीतरी उघडणार हे धरूनच बंद केलं होतं. कधी न उघडायचं असं काही शिवायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कप्तान दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. ट्रेलर मला दिसत होता, रस्त्यावर उभा, पंख बाजूला बांधलेले. कामाला उद्याचा एकच दिवस हातात होता, परवा परवानगी संपत होती. मॅडम म्हणाल्या, "कापड चांगलं आहे. दोरा सगळा काढा. उद्या परत. होणार नसेल तर मला आत्ता सांग, मी मालकांना कळवते."

मी वाकून सुटलेला दोरा गोळा करायला लागलो. मावशीच बोलली. "हुईल म्हन." आणि मग मॅडमना कानडीत काहीतरी लांबलचक सांगितलं. मॅडमनी बोटानं हवेत गाठ काढून दाखवली आणि म्हणाल्या, "गंटू बिगी, अम्मा. बिगी." गाठ घट्ट.

दुसऱ्या दिवशी यार्ड चालू झालं होतं. बाहेर ट्रकचे हॉर्न, काट्यावरचे आकडे ओरडणारे, आणि आत आम्ही. मावशीनं पहिली गाठ मारली, मी ओढून बघितली. उघडली. दुसरी मारली. उघडली. ती जाणून करत नव्हती. बोटं तिच्या आधी पळत होती. मन म्हणत होतं निरगाठ, हात मारून मोकळा होत होता सुरगाठ. तिसऱ्या वेळी ती स्वतःच्या उजव्या हाताकडं अशी बघायला लागली जसा तो शेजारणीचा हात आहे.

"हा मेला ऐकत न्हाई," ती म्हणाली. "पोसला एवढा, आता म्हातारपनी उलटला."

मग तिनं एक गोष्ट केली. उजवा हात पदरात गुंडाळून मांडीखाली दाबला आणि नुसता दोरा धरण्यापुरता अंगठा बाहेर ठेवला. गाठ मारायला डावा हात पुढं केला. त्या हातानं तिनं उभ्या जन्मात पोतं शिवलं नव्हतं. त्याला काहीच येत नव्हतं. तो पहिल्यांदा पाटी धरणाऱ्या लेकरासारखा चालत होता. दोरा सुटायचा, ती परत धरायची, जीभ दातात. पण जी गाठ झाली ती ओढली तर हलली नाही. पक्कड लावून ओढली, मेणाचा चुरा पडला, गाठ जागची हलली नाही.

"ह्याला जुनं काई म्हाईत न्हाई," मावशी डाव्या हाताकडं बघून म्हणाली. "बरंय. सांगंल ते ऐकतंय."

काम कासवासारखं चाललं. मी प्रत्येक गाठ आधी ओढायचो, मग पुढची सुई द्यायचो. डोळ्यांवर विसंबायचं मी सोडून दिलं होतं. मधे मधे मला वाटायचं, आता वेळ संपली, आता मॅडम फोन लावायला बाहेर जातील. त्या गेल्या नाहीत. पोत्यांच्या थप्पीवर बसून राहिल्या. मावशी त्यांना शेंगा सोलून देत होती, त्याच डाव्या हातानं, सराव म्हणून. कप्तान येऊन जाऊन होते. एकदा मावशीनं त्यांना विचारलं, "साहेब, तुमी वरून तांदूळ टाकायचे म्हनं. पोतं फुटायचं न्हाई?"

"दोन पोती असायची. आतलं गच्च भरलेलं, बाहेरचं मोठं आणि ढिलं. पडलं की आतलं फुटायचं, तांदूळ बाहेरच्यात राहायचा."

"आन् बाहेरच्याची शिवन?"

"पक्की. वरून पडायचं म्हटल्यावर पक्कीच."

"उघडायचे कशानं?"

"सुरीनं फाडत असतील."

"पोतं वाया," मावशी म्हणाली. आणि पुढच्या गाठीला लागली.

मॅडमनी तपासलं तेव्हा झरोक्यातला उजेड भिंतीवर चढून गेला होता. एकेक टोक पक्कडीनं ओढत गेल्या. मी बघितलं नाही. तुरीच्या पोत्यावरची छापील अक्षरं वाचत राहिलो, जी मला येतात. शेवटी पक्कड फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. मॅडमनी मावशीचा डावा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि सोडला. बस. मग त्यांनीच वरून पट्ट्या चिकटवल्या, नंतर कापड ताणणारं ते औषध लावलं. पिकल्या केळ्यासारखा वास गोदामभर झाला. वाळता वाळता कापड आपोआप आखडत गेलं. मावशीनं जाता जाता बोटानं टिचकी मारली तर शेकून घेतलेल्या हलगीसारखं वाजलं. ती दचकली आणि हसली.

धावपट्टीवर ती आली नाही. "हंगाम हाय. उद्या गाड्या लागतेत. तुमचं इमान उडंल, आमची तूर कोन शिवंल?"

रात्रीच झडप शेपटाला परत बसवली, सही झाली. सकाळी निघालो. दोन्ही इंजिनं एकेक करून खोकली, धुराचा ढग सोडला आणि मग सगळं अंग एकाच सुरात थरथरायला लागलं. मी मागं दारापाशी बसलो, शेवटच्या खिडकीला गाल लावून. तिथून शेपटाच्या डाव्या पंखाचं टोक आणि झडपेची थोडी कड दिसते. आधी ती फडफडल्यासारखी वाटली. शेपूट जमिनीवरून उचललं.  मग धक्के थांबले. एवढंच. उडालो असं वाटलं नाही, खालची जमीनच हळूच सोडून गेली.

त्या म्हातारीला घाई नसते. ती ढगाखालून चालल्यासारखी जाते, त्यामुळं सगळं वाचता येतं. मांजरा नदीचं पात्र, त्यातले पाण्याचे तुकडे, विहिरी, कडब्याच्या गंजी, वाळत घातलेली लुगडी. कप्तानांनी न सांगता एक वळण शहरावरून घेतलं. आडत बाजाराचे पत्रे उन्हात चमकले, ओट्यांवर पोत्यांचे ठिपके, ट्रकांची रांग. माणसं दिसत नव्हती. मी तरी हात वर केला. शिरूर अनंतपाळ कुठल्या बाजूला ते मला कळत होतं, पण तिकडं धुकं होतं. झडप माझ्या डोळ्यांसमोर थोडी वर झाली, थोडी खाली झाली, कप्तान जसं म्हणतील तसं. मला वाटलं, आत्ता ह्या सगळ्यांचं वजन त्या डाव्या हातावर आहे आणि तो तिकडं खाली शेंगा सोलत असेल.

नागपूरला चाकं टेकेपर्यंत माझ्या अंगातली धडधड गेली नाही. सुई जवळ होती, शिवायला काही नव्हतं. उतरल्यावर कप्तान आणि मॅडम दोघं शेपटाकडं गेले. मॅडमनी खालून टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं आणि मला मान हलवून खूण केली. मी पंखाच्या सावलीत बसलो आणि मावशीला फोन लावला.

"उतरलं का?" तिनं लगेच विचारलं. मागं गलका होता.

"उतरलं."

"शिवन?"

"हाय तशी हाय."

"मंग ठेव. गाडी लागलीय."

मावशीला फोन नीट बंद करता येत नाही. तिनं तो तसाच पिशवीत टाकला असणार. मी कानाला धरून बसलो. कुणीतरी काट्यावरचं वजन ओरडून सांगत होतं, पोतं ओट्यावर आपटत होतं, चिमण्या होत्या, आणि कुणीतरी मावशीला विचारत होतं की काल दिवसभर होतीस कुठं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. सगळे हसले तेवढं ऐकू आलं.